ध्वनिमुद्रिकेचे वाचन : घरी बांधलेल्या पूर्वविवर्धकाचा इतिहास

१

ध्वनिमुद्रिका ही एक प्रकारची लिपी होय, असे म्हटल्यास ते केवळ आलंकारिक विधान ठरू नये. उच्चारित भाषेचे सर्वच विशेष लिपीत जसेच्या तसे उमटत नसतात. काही गाळले जातात, काही संकेताने बदलून लिहिले जातात, आणि वाचणाराने तो संकेत ओळखून मूळ उच्चार पुन्हा उभा करावयाचा असतो. मोडी लिपीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद दाखवीत नाहीत, शब्दही तोडून लिहीत नाहीत. तथापि दप्तरातील जाणता कारकून तो मजकूर न अडखळता वाचीत असे, कारण लिहिणाराचा संकेत त्याच्या अंगवळणी पडलेला असे. तबकडीवरील खाचेची स्थिती याहून फारशी निराळी नाही. खाच कोरणाराने ध्वनीत हेतुपुरस्सर काही फेरफार केलेले असतात, आणि ते उलट क्रमाने दूर केल्यावाचून मूळ गायन ऐकू येत नाही.

हे वाचनाचे काम ज्या उपकरणाकडे असते, त्यास पूर्वविवर्धक म्हणतात. व्यवहारात ‘प्रीअँप’ असेच म्हटले जाते. सुईपासून निघालेला अत्यंत क्षीण विद्युत्-संदेश घ्यावयाचा, त्यातील फेरफार दुरुस्त करावयाचे, त्याला मुख्य विवर्धकास पुरेल इतके बळ द्यावयाचे आणि मग तो पुढे सोपवावयाचा, हे त्याचे कार्य. १९४७ ते १९६० या सुमारे तेरा वर्षांत ब्रिटन व अमेरिका या देशांतील हजारो हौशी लोकांनी हे उपकरण निर्वात नलिकांच्या साहाय्याने आपल्या घरी, स्वयंपाकघरातील मेजावर अथवा माळ्यावरील खोलीत, स्वतःच्या हाताने बांधले. कारखान्यांच्या इतिहासात या खटाटोपाची नोंद सहसा सापडत नाही. तथापि एखादी विद्या ग्रंथातून लोकांच्या हाती कशी जाते, आणि प्रमाणीकरण झाल्यावर त्या विद्येचे काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण आधुनिक काळात क्वचितच मिळेल.

२

निर्वात नलिकेचा जन्म १९०४ सालचा. त्या वर्षी जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी लंडनमध्ये दोन अग्रांच्या नलिकेचे एकस्व मागितले. तापलेल्या ऋणाग्रापासून निघणारे इलेक्ट्रॉन धनाग्राकडे जातात, पण उलट दिशेने प्रवाह वाहत नाही. म्हणून फ्लेमिंग यांनी तिला ‘व्हॉल्व्ह’, म्हणजे झडप, असे नाव दिले. १९०६ मध्ये ली द फॉरेस्ट यांनी अमेरिकेत या दोन अग्रांच्या मध्ये तिसरे अग्र बसविले. हे जालक होय. जालकावरील दाबात अल्पसा बदल केला की धनाग्राच्या प्रवाहात मोठा बदल होतो. क्षीण संदेशाने बलवान प्रवाहावर सत्ता चालवावी, ही सर्व विवर्धनामागील कल्पना या एका जाळीत सामावलेली आहे.

येथे नामकरणाचा एक लहानसा विशेष नोंदविण्यासारखा आहे. इंग्लंडात या वस्तूला तिच्या कार्यावरून ‘व्हॉल्व्ह’ म्हणतात, तर अमेरिकेत तिच्या आकारावरून ‘ट्यूब’, म्हणजे नळी. मराठीतील ग्रंथकारांनी ‘निर्वात नलिका’ अथवा ‘इलेक्ट्रॉन नलिका’ हे शब्द पसंत केले, म्हणजे आकाराची बाजू घेतली. परंतु मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानदार आणि गावोगावचे रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर ‘व्हॉल्व्ह’च म्हणत राहिले. ग्रंथाने एका खंडाचा दृष्टिकोण स्वीकारावा आणि बाजाराने दुसऱ्या खंडाचा, असा हा प्रकार आहे.

नलिकेचे विवर्धन मोठे असले तरी शुद्ध नव्हते. तिच्यातून जाताना ध्वनीत विकृती शिरे. यावरील उपाय बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदीवरून नावेने कामावर जात असता सुचला, आणि तो त्यांनी हातातील वर्तमानपत्राच्या पानावरच टिपून ठेवला. विवर्धकाच्या मुखातून निघालेल्या संदेशाचा काही भाग उलट करून पुन्हा आरंभाकडे आणावयाचा, म्हणजे मूळ संदेशाशी त्याची तुलना होऊन विकृती आपोआप कमी होते. यास ऋण पुनःप्रदाय म्हणतात. याची किंमत विवर्धनात मोजावी लागते. दहापट शुद्धी हवी असेल तर दहापट विवर्धन सोडावे लागते. पुढील सर्व इतिहासात ही देवघेव पुनःपुन्हा आढळून येते.

३

आता खाचेच्या लिपीकडे वळू. १९२५ मध्ये विद्युत्-ध्वनिमुद्रणास आरंभ झाला आणि त्याबरोबर एक अडचण उभी राहिली. कोरणाऱ्या सुईचा वेग सर्व स्वरांना सारखाच ठेवला, तर खालच्या स्वरांच्या वेळी तिचे आंदोलन फार रुंद होते. कंप्रता निम्मी झाली की रुंदी दुप्पट होते. तसे होऊ दिल्यास खर्जाच्या स्वरांची खाच शेजारच्या खाचेत घुसेल, अथवा तबकडीवर केवळ काही मिनिटांचेच गायन मावेल. म्हणून एका ठराविक कंप्रतेच्या खाली स्वर मुद्दाम क्षीण करून कोरू लागले. उलटपक्षी तबकडीच्या पृष्ठभागाची खरखर वरच्या स्वरांच्या प्रदेशात अधिक जाणवते. तेव्हा वरचे स्वर मुद्दाम वाढवून कोरावे आणि वाजविताना ते तितकेच खाली आणावे, म्हणजे त्यांबरोबर खरखरही दबेल, अशी दुसरी युक्ती निघाली.

दोन्ही युक्त्या सयुक्तिक होत्या. परंतु खालचे स्वर कोठपासून आणि किती उतरवावयाचे, वरचे किती चढवावयाचे, याविषयी एकवाक्यता नव्हती. ब्रिटनमधील ईएमआयच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत, अ‍ॅलन ब्लूमलाइन यांच्या पद्धतीनुसार, खालचा वळणबिंदू २५० हर्ट्झच्या आसपास असे आणि वरचे स्वर चढविलेले नसत. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादनाची तबकडी आणली, तिचा वळणबिंदू ५०० हर्ट्झचा, आणि १०,००० हर्ट्झला स्वर १६ डेसिबेलने चढविलेले. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने १९५१ मध्ये सुचविलेल्या वक्रात हेच आकडे ४०० हर्ट्झ व १२ डेसिबेल असे होते. इतरांचे संकेत आणखी निराळे. एकाच भाषेचे लेखन प्रत्येक छापखान्याने आपापल्या वर्णमालेत करावे, तसा हा प्रकार होता. ग्राहकाच्या घरी मात्र वाजविण्याचे यंत्र एकच असे.

४

अशा स्थितीत लंडनच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकाच्या एप्रिल व मे १९४७ च्या अंकांत डी. टी. एन. विल्यमसन यांचा उच्च प्रतीच्या विवर्धकावरील लेख प्रसिद्ध झाला. विल्यमसन त्या वेळी अवघे चोवीस वर्षांचे होते. ते एडिंबरोचे, आणि नलिका बनविणाऱ्या एका प्रसिद्ध कारखान्यात त्यांनी काम केले होते. त्यांचा विवर्धक १५ वॉटचा असून एकूण विकृती एक-दशांश टक्क्याहून कमी होती. त्यासाठी त्यांनी केटी ६६ या नलिका त्र्यग्राप्रमाणे जोडून वापरल्या आणि २० डेसिबेल, म्हणजे दहापट, पुनःप्रदाय दिला. परंतु लेखाचे खरे महत्त्व या आकड्यांपुरते नव्हते. विल्यमसन यांनी प्रत्येक रोधकाचे व धारित्राचे मान तर दिलेच. शिवाय निर्गम रोहित्राच्या वेटोळ्यांचा तपशीलही दिला, आणि प्रत्येक निवडीमागील कारण सांगितले. व्यापारी गुपित म्हणून जे सहज राखून ठेवता आले असते, ते सर्व एका मासिकाच्या किमतीत वाचकापुढे मांडले गेले.

त्या काळचे ब्रिटन हे लक्षात घ्यावयास हवे. युद्ध संपले होते, पण टंचाई संपली नव्हती. तयार वस्तू महाग होत्या आणि त्यांवर खरेदी-कर होता. उलट सैन्याने टाकून दिलेली विद्युत्-सामग्री लंडनच्या लाइल स्ट्रीटवरील दुकानांतून ढिगांनी विकली जात होती. आणि युद्धकाळात रडार व बिनतारी यंत्रणेवर शिकून तयार झालेले असंख्य तरुण आता नागरी जीवनात परतले होते. सामग्री, कसब व अभाव ही तिन्ही एकत्र आली. उणीव होती ती विश्वसनीय आराखड्याची. ती विल्यमसन यांनी भरून काढली.

तथापि मुख्य विवर्धक बांधून होताच हौशी मनुष्यास कळून येई की खरे काम पुढेच आहे. मुख्य विवर्धक संकेतांविषयी उदासीन असतो. जे मिळेल ते तो मोठे करतो. चुकीचे वाचलेले गायन तो तितक्याच निष्ठेने मोठे करून ऐकवी, आणि विवर्धक जितका शुद्ध तितका वाचनातील दोष अधिक उघडा पडे. हे जाणूनच विल्यमसन यांनी १९४९ मध्ये त्याच मासिकात स्वरनियंत्रण व ग्रामोफोनची पूरक मंडले यांविषयी पुन्हा लिहिले. पूर्वविवर्धकाच्या घरगुती बांधणीस खरा आरंभ येथून झाला.

५

पूर्वविवर्धकाचे काम आकाराने लहान असून अवघड का, हे थोड्या गणिताने स्पष्ट होते. चुंबकीय पिकअपपासून मध्यम स्वरास सुमारे ५ मिलिव्होल्ट दाब मिळतो असे धरू. मुख्य विवर्धकास एक व्होल्ट तरी हवा. म्हणजे १,००० हर्ट्झला २०० पट विवर्धन पाहिजे. परंतु पुढे प्रमाण ठरलेल्या वक्रानुसार २० हर्ट्झचा स्वर त्याहून १९.३ डेसिबेलने, म्हणजे सुमारे नऊपटीने, अधिक वाढवावा लागतो. तेथे विवर्धन १,८०० पटींवर जाते. बारा ए एक्स सात या नलिकेतील प्रत्येक त्र्यग्राचा विवर्धनांक १०० असला, तरी १,००,००० ओहमचा रोधक जोडून प्रत्यक्षात सुमारे ६० पटच विवर्धन पदरी पडते. दोन टप्पे जोडले तर ३,६०० पट. यातून १,८०० पट खर्च झाल्यावर पुनःप्रदायासाठी केवळ दुप्पट शिल्लक उरते. म्हणजे मध्यम स्वरांत जी शुद्धी अठरापट मिळते, ती खर्जात दुप्पटीवर येऊन ठेपते. म्हणूनच दोन त्र्यग्रांच्या साध्या मंडलांत अगदी खालचे स्वर वक्रानुसार पुरते वर येत नसत. हा दोष बांधणाराच्या हाताचा नसून हिशेबाचा होता.

दुसरी अडचण गुणगुणीची. ब्रिटनमधील विद्युत्-पुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्झ आहे, आणि नेमक्या याच प्रदेशात पूर्वविवर्धक सर्वांत अधिक विवर्धन करतो. ५० हर्ट्झला ते मध्यम स्वराच्या सुमारे सातपट असते. शिवाय नलिकेचा तापक ६.३ व्होल्टच्या उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहावर चालतो. हा दाब पिकअपच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असून तो जालकापासून काही मिलिमीटर अंतरावर नांदत असतो. देवघरात मंद स्वरात जप चालावा आणि भिंतीपलीकडे पिठाची गिरणी फिरत असावी, तशी ही शेजारधर्माची अडचण होती.

नलिका बनविणारांनी यावर उपाय काढले. ईएफ ८६ या पंचाग्र नलिकेत तापकाची तार दुहेरी पिळून घेतलेली असे, आणि आतल्या रचनेभोवती धातूचा आडोसा असे. अमेरिकेतील आरसीए कंपनीने १९४७ च्या सुमारास आणलेल्या बारा ए एक्स सात या नलिकेत दोन त्र्यग्रे एकाच काचेत होती. युरोपात हिलाच ईसीसी ८३ हे नाव मिळाले.

या दोन नावांकडे क्षणभर पाहणे उद्बोधक होईल. आपल्याकडील शास्त्रकार शब्दांचे यौगिक व रूढ असे भेद करतात. अवयवांच्या अर्थावरून ज्याचा अर्थ निघतो तो यौगिक, आणि ज्याचा अर्थ केवळ वहिवाटीने कळतो तो रूढ. युरोपीय नाव जवळजवळ पूर्णपणे यौगिक आहे. त्यातील ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा तापक, ‘सी’ म्हणजे त्र्यग्र, तो दोनदा आला म्हणून दोन त्र्यग्रे, आणि ८ हा अंक म्हणजे नऊ पायांची लहान बैठक. शेवटचा ३ तेवढा अनुक्रमाचा. याच न्यायाने ‘ईएफ’ म्हणजे संदेशवाहक पंचाग्र, ‘ईएल’ म्हणजे निर्गमाचे पंचाग्र, ‘ईझेड’ म्हणजे एकदिशकारक. अमेरिकन नावात आरंभीचा १२ हा तापकाचा दाब सुचवितो आणि शेवटचा ७ हा घटकांची संख्या; मधली ‘ए एक्स’ ही अक्षरे केवळ क्रमाने आलेली, म्हणून रूढ. युरोपातील हौशी मनुष्य अनोळखी नलिकेचे नाव वाचूनच तिचे कुलशील सांगू शके. अमेरिकेतील मनुष्यास कोश उघडावा लागे.

६

प्रत्यक्ष बांधणीचा क्रम सामान्यतः असा असे. अल्युमिनियमचा पत्रा वाकवून उथळ पेटी करावयाची, तिच्यात नलिकांच्या बैठकींसाठी भोके पाडावयाची, आतल्या बाजूस पितळी टोकांची पट्टी बसवून तिच्यावर रोधक व धारित्रे ओळीने लावावयाची आणि मग एकेका सांध्यास डाख द्यावयाचा. डाख चकचकीत बसला पाहिजे. थंड पडलेला, करड्या रंगाचा डाख वरून धरलेला दिसतो पण आतून सुटा असतो, आणि महिनोन् महिने चालून मग एखाद्या संध्याकाळी खरखर सुरू होते. तापकाच्या तारा एकमेकींभोवती घट्ट पिळून पेटीच्या कोपऱ्याकोपऱ्याने न्यावयाच्या, म्हणजे एकीचे क्षेत्र दुसरीच्या क्षेत्राने बाद होते. जालकाची तार शक्य तितकी आखूड ठेवावयाची.

भूसंपर्काच्या बाबतीत नवशिक्याची हमखास चूक होई. पेटीचा सर्व पत्रा विद्युत्-दृष्ट्या एकच आहे असे समजून तो प्रत्येक तार जवळ पडेल तेथे पत्र्यास जोडी. वस्तुतः पत्र्यातून वाहणाऱ्या प्रवाहामुळे दोन ठिकाणांमध्ये अल्पसा दाब निर्माण होतो, आणि जेथे मिलिव्होल्टाच्या सहस्रांशालाही महत्त्व आहे, तेथे तो गुणगुण म्हणून ऐकू येतो. म्हणून सर्व भूसंपर्क एका जाड तारेवर गोळा करून ती तार पत्र्यास एकाच ठिकाणी, संदेश ज्या बाजूने आत येतो तेथे, जोडावी, असा संप्रदाय पडला. रोहित्र तर पूर्वविवर्धकापासून दूर, बहुधा मुख्य विवर्धकाच्या पेटीतच ठेवीत, आणि तेथून एका केबलीने उच्च दाब व तापकाचा प्रवाह आणीत.

हा उच्च दाब २५० ते ३०० व्होल्ट असे आणि तो प्राणघातक होता. विद्युत्-पुरवठा बंद केल्यावरही मोठ्या धारित्रात भार शिल्लक राहतो, हे न जाणणाऱ्या मनुष्यास बंद यंत्रही धक्का देऊ शके. म्हणून एक हात खिशात ठेवूनच चालू मंडलाची तपासणी करावी, आणि हात घालण्यापूर्वी धारित्र रोधकातून रिकामे करावे, हे नियम जुने जाणकार नवशिक्याच्या कानीकपाळी ओरडून सांगत. या छंदात चुकीची शिक्षा केवळ बेसूरपणाची नव्हती.

७

ऑक्टोबर १९५२ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्येच पीटर बॅक्सँडल यांचा स्वरनियंत्रणावरील लेख आला. बॅक्सँडल हे माल्व्हर्न येथील सरकारी संशोधनसंस्थेत काम करीत. खालचे व वरचे स्वर कमीअधिक करणारी मंडले पूर्वीही होती. पण त्यांनी ते काम पुनःप्रदायाच्या मार्गातच ठेवले, त्यामुळे मधल्या स्वरांना धक्का न लागता दोन्ही टोके हाताळता येऊ लागली आणि खुंटी मध्यावर असता मंडल सपाट राहू लागले. हा आराखडाही प्रकट झाला तो सर्वांच्या वापरासाठीच. पुढे कारखान्यांनी बनविलेल्या अगणित यंत्रांत तो शिरला आणि आजही ‘बॅक्सँडल’ हे विशेषनाम सामान्यनामासारखे वापरले जाते. मलर्ड या नलिका बनविणाऱ्या कंपनीने १९५९ मध्ये ध्वनिविवर्धकांच्या मंडलांवर एक स्वतंत्र पुस्तकच काढले. त्यात ईएफ ८६ व ईसीसी ८३ यांवर आधारलेले पूर्वविवर्धक बांधणीच्या तपशिलासह दिलेले आहेत. कंपनीचा हेतू नलिका खपविण्याचा होता हे उघड आहे. परंतु त्या हेतूपायी झालेला ज्ञानप्रसार त्यामुळे खोटा ठरत नाही.

अमेरिकेत या प्रवाहास निराळे वळण लागले. मिशिगन राज्यातील बेंटन हार्बर येथील हीथ कंपनीने १९४७ मध्ये दोलनदर्शकाचे सुटे भाग व बांधणीची पुस्तिका एका खोक्यात घालून विकावयास आरंभ केला, आणि लौकरच विल्यमसन पद्धतीचे विवर्धक व त्यांस जोडावयाचे पूर्वविवर्धकही ती अशाच रीतीने विकू लागली. या पुस्तिकांची भाषा पाहण्याजोगी आहे. विल्यमसन यांच्या लेखातील वाक्ये कारणवाचक आहेत : अमुक मान निवडले, कारण तमुक. हीथच्या पुस्तिकेतील वाक्ये आज्ञार्थी आहेत : अमुक तार तमुक टोकास जोडा, डाख द्या, आणि शेजारच्या चौकटीत खूण करा. पहिल्या लेखाच्या वाचकास मंडल समजे, पण ते चालेलच याची शाश्वती नसे. दुसरीच्या वाचकाचे यंत्र बहुधा हमखास चाले, पण ते का चालते हे त्याला कळलेच असेल असे नाही. ज्ञान अधिक लोकांपर्यंत पोहोचले, मात्र त्याची खोली कमी झाली. डायनाको कंपनीने तर पुढे छापील मंडलाच्या पट्ट्या आधीच जोडून देऊन गिऱ्हाइकाचे काम काही तासांवर आणले.

याच काळात न्यूयॉर्कच्या क्यू गार्डन्स भागात राहणाऱ्या सॉल मरँट्झ यांनी स्वतःच्या तबकड्यांसाठी एक पूर्वविवर्धक घरी बांधला. ते व्यवसायाने आलेखनकार होते. निरनिराळ्या कंपन्यांचे संकेत वाचण्यासाठी खालच्या व वरच्या स्वरांचे वळण स्वतंत्र खुंट्यांनी निवडता यावे, अशी त्यात सोय होती. इष्टमित्रांनी तसेच यंत्र मागितले, आणि त्यातून एक उद्योग उभा राहिला. त्यांच्या कंपनीने १९५८ मध्ये आणलेला सातव्या क्रमांकाचा पूर्वविवर्धक, सहा बारा ए एक्स सात नलिकांचा, आजही नमुना म्हणून घरोघरी नकलला जातो. घरातून कारखान्यात गेलेला आराखडा अशा रीतीने पुन्हा घरी परतला.

८

१९५४ मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण-उद्योगाच्या संघटनेने एकच वक्र सर्वांसाठी प्रमाण म्हणून स्वीकारला. आरसीए व्हिक्टरने आदल्या वर्षी वापरात आणलेल्या वक्रावर तो आधारलेला होता. त्याचे वळणबिंदू सुमारे ५०, ५०० व २,१२२ हर्ट्झ असे आहेत. ब्रिटिश मानकानेही १९५५ मध्ये तोच वक्र स्वीकारला. बाळबोध मुद्रणाने हस्ताक्षरांचे वैचित्र्य मागे सारावे, तसे झाले. नवी तबकडी कोणाचीही असो, तिचे वाचन एकाच रीतीने होऊ लागले. सामान्य श्रोत्याचा यात निःसंशय लाभ झाला. पूर्वविवर्धकावरील वळण निवडण्याच्या खुंट्या अनावश्यक ठरल्या आणि हळूहळू नाहीशा झाल्या.

त्यानंतर दोन घटनांनी घरगुती बांधणीचा मोठा काळ संपविला. १९५८ मध्ये द्विमार्गी तबकड्या बाजारात आल्या. आता प्रत्येक मंडल दोनदा, आणि तेही तंतोतंत सारखे, बांधावे लागे. साठीच्या दशकात ट्रान्झिस्टरने नलिकेची जागा घेतली. तापक गेला, उच्च दाब गेला, गुणगुणही बव्हंशी गेली. मोजमापाच्या दृष्टीने विचार करता, चांगल्या अर्धसंवाहक पूर्वविवर्धकाचा अंगभूत गोंगाट व विकृती ही दोन्ही नलिकेच्या यंत्राहून कमी असतात. याविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. नलिकेचा नाद कित्येकांना अधिक सुखद वाटतो, परंतु सुखदता व यथार्थता या दोन भिन्न गोष्टी होत.

नलिका मात्र नामशेष झाली नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठीच्या दशकात नलिकांचे उत्पादन सुरू केले आणि पुढे ईसीसी ८३ ही बनविली. तिच्या शिल्लक प्रती संग्राहक आजही शोधतात. स्लोव्हाकियातील चाड्त्सा व रशियातील सारातोव्ह येथे हीच नलिका एकविसाव्या शतकातही तयार होत राहिली. घरी पूर्वविवर्धक बांधणारा मनुष्य आजही आहे. फक्त त्याची गरज बदलली आहे.

९

या इतिहासाचा वर्तमानाशी संबंध येतो तो प्रमाणीकरणाच्या दुसऱ्या बाजूमुळे. प्रमाण ठरले ते पुढील तबकड्यांसाठी; मागील तबकड्या ज्या संकेतात लिहिल्या होत्या त्याच संकेतात राहिल्या. १९५४ पूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर वरचे स्वर चढविलेले नाहीत असे समजू. ती आजच्या एकवक्री यंत्रावर वाजविली, तर १०,००० हर्ट्झचा स्वर १३.७ डेसिबेलने दबतो, म्हणजे मूळच्या सुमारे एक-पंचमांशावर येतो. आणि तिचा वळणबिंदू २५० हर्ट्झचा असेल, तर खालच्या स्वरांची उंची दीडपटीहून अधिक होते. आवाज घुमतो, शब्दांतील ‘स’, ‘श’, ‘च’ ही व्यंजने बोथट होतात, तंबोऱ्याची झार मावळते. ऐकणारा म्हणतो, जुन्या काळचे ध्वनिमुद्रणच तसे होते. वस्तुतः दोष लिहिण्यात नसून वाचण्यात असतो. याच्याही आधीच्या, १९२५ पूर्वीच्या तबकड्या तर केवळ कर्ण्यातून मुद्रित केलेल्या असल्यामुळे त्यांना विद्युत्-वक्रच नाही. त्या प्रत्येकीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नव्हे. बालगंधर्वांच्या नाट्यपदांपासून अनेक गायक-गायिकांच्या ख्यालांपर्यंत, एका संपूर्ण युगाचा कंठ या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर आहे. त्या युगातील मराठी उच्चारांचा, त्यांतील ‘च’-‘ज’ यांच्या दंत्य व तालव्य छटांचा, गाताना स्वर लांबविण्याच्या रीतीचा अभ्यास करावयाचा, तर याहून जुना श्राव्य पुरावा फारसा उपलब्ध नाही. या तबकड्यांच्या अंकीय प्रती करण्याचे काम ठिकठिकाणी, बहुधा खाजगी संग्राहकांच्या घरी, होत आले आहे. प्रत कोणत्या वक्राने घेतली याची नोंद तिच्याबरोबर नसेल, तर पुढील अभ्यासकास गायकाचा उच्चार कोणता आणि यंत्राची भर कोणती हे वेगळे करता येणार नाही. ताम्रपटाचा ठसा घेणाराने कोणते अक्षर स्पष्ट होते आणि कोणते आपण अंदाजाने भरले हे न सांगावे, तशातला हा दोष होय.

तेव्हा १९४९ च्या सुमारास विल्यमसन यांच्या वाचकांनी आपल्या मेजावर ज्या खुंट्या बसविल्या, त्यांचे काम संपलेले नाही. वळणबिंदू बदलता येणारा पूर्वविवर्धक, मग तो नलिकांचा असो, ट्रान्झिस्टरचा असो वा संगणकातील गणिताचा असो, जुन्या तबकड्यांच्या प्रत्येक संग्रहापाशी असला पाहिजे. आणि प्रत घेणाराने खुंटी कोठे ठेवली होती, हे तबकडीच्या क्रमांकाशेजारी लिहून ठेवले पाहिजे. तसे झाले, तर उद्याचा अभ्यासक ती प्रत हाती घेऊन आजच्या वाचनातील चूक दुरुस्त करू शकेल.